सहा ते सात, बंधाऱ्यावर

१२ जानेवारी २०२५, रविवार

ही डायरी विक्रमच्या नावानं आलेली आहे. रांजणगावला ज्या कंपनीत तो मेंटेनन्सला होता, तिथं दरवर्षी सगळ्यांना डायरी देतात. यंदाची वाटेपर्यंत तो राहिला नाही. काल त्याच्यासोबत काम करणारा आतिफ लॉकरमधलं सामान घेऊन आला. दोन शर्ट, सेफ्टी शूज, डबा आणि सगळ्यात वर ही. पहिल्या पानावर कुणीतरी सवयीनं त्याचं नाव टाकलंय. खोडायला म्हणून मी पेन उचललं आणि लिहीतच बसले.

आज चौतीस दिवस झाले. ९ डिसेंबरला संध्याकाळी साडेसातला पोलिसांचा फोन आला. गाडी घोड नदीच्या बंधाऱ्याजवळ बाभळीखाली उभी होती. काचा बंद, आत कसलं तरी गाणं चालू, आणि विक्रम स्टिअरिंगवर हात ठेवून बसलेला. पाण्याची मोटार चालू करायला आलेल्या शेतकऱ्यानं तीनदा काच वाजवली म्हणे. हार्ट ॲटॅक. वय त्रेचाळीस.

भेटायला येणारे म्हणतात, बरं झालं, हाल झाले नाहीत, बसल्याबसल्या गेला. मला पडलेला प्रश्न मात्र कुणी काढत नाही. रांजणगावहून शिरूरला घरी येताना तो बंधारा लागतच नाही. गाव ओलांडून तीन किलोमीटर आत जावं लागतं. मला सहा वर्षं तो ओव्हरटाइम सांगत होता. मग तिथं कुणाची वाट बघत बसला होता?

१४ जानेवारी

संक्रांत. जिन्यातून बायका वाणाची ताटं घेऊन वर-खाली करत होत्या. आमच्या दाराशी आल्या की पावलं हळू व्हायची आणि पुढे गेली की पुन्हा नेहमीसारखी. मी दार लावून घेतलं.

सासूबाई दहाव्यापासून इथंच आहेत. त्यांना मी आत्या म्हणते. एरवी त्या कासुर्डीला थोरल्या दिरांकडे, हौसरावांकडे असतात. मला सोबत म्हणून राहिल्या आहेत. खरं तर सोबत त्यांनाच हवी आहे. दिवसभर काही ना काही विचारत असतात. चहा टाकू का, गॅस बंद केला का, विक्रम शेवटचं काय जेवला.

"बटाट्याची भाजी नेली होती," मी सांगितलं. कालही हेच सांगितलं होतं.

"खाल्ली का पन?"

डबा रिकामा होता. एवढंच मला माहीत.

पालकांचे मेसेज येतायत, मॅडम क्लास कधी? दहा वर्षं झाली मला घरी शिकवण्या घ्यायला लागून. चार ते साडेसात, तीन बॅच. हॉल, पॅसेज, आतली खोली, स्वयंपाकघराच्या दारापर्यंत मुलं. चपला जिन्यात तिसऱ्या पायरीपर्यंत जायच्या. शिरूरमध्ये पाचवी ते सातवीचं गणित म्हटलं की माझं नाव घेतात. आम्हाला मूल झालं नाही, पण आमचं घर कधी सुनं नव्हतं. हे मी विक्रमला नेहमी म्हणायची.

१७ जानेवारी

आतिफला फोन केला. सरळ विचारलं, ओव्हरटाइम किती वाजेपर्यंत असायचा?

तो आधी मशीनच्या आवाजातून बाहेर आला. मग म्हणाला, "वहिनी, ओव्हरटाइम आमच्या डिपार्टमेंटला केव्हाच बंद झालाय. पाच वाजता सुटतो आम्ही."

"मग हे कुठं जायचे?"

"गाणी ऐकत बसायचा गाडीत. तुम्हाला म्हाईत असंल असं वाटलं मला. तेच हो, मिक्सरवालं."

मिक्सरची गोष्ट त्यालाही माहीत आहे. असणारच. प्रत्येक वाढदिवसाला मीच सांगितलेली. आमच्या लग्नाला आठवडा झाला होता. विक्रमनं मला समोर बसवलं, हेडफोन माझ्या कानावर घातले आणि म्हणाला, डोळे मिट. आत नुसती घरघर. मी अर्ध्या मिनिटात हेडफोन काढले आणि म्हटलं, "अहो, मिक्सर बिघडलाय वाटतं कुणाचा." सगळे पोट धरून हसायचे. विक्रमही हसायचा. चौदा वर्षांत त्यानं पुन्हा मला काही ऐकवलं नाही, तेव्हा मला वाटलं, सुटलं याचं ते खूळ.

आतिफ फोन ठेवता ठेवता म्हणाला, "माझी मामेबहीण हाय यवतला. रुबी. तीच एक तसलं ऐकती. दोघं एकमेकांला पाठवायचे."

म्हणजे नाव कळलं.

२१ जानेवारी, मंगळवार

एसटीनं यवतला जाऊन आले. आत्यांना सांगितलं, बँकेत काम आहे.

हायवेच्या कडेला रुबीचं औषधांचं दुकान आहे. तेहतीस-चौतीस वर्षांची, चष्मा, केसांना साधा क्लिप. वाटेत चौफुल्यापर्यंत मी मनात जी बाई रंगवली होती, तिच्याशी काहीच जुळेना. मी नाव सांगितलं तशी ती काउंटरची फळी उचलून बाहेर आली आणि माझे दोन्ही हात धरले.

"विक्रमदादा गेले तेव्हा मला यायचं होतं वहिनी. पण कोण म्हणून येणार?"

दादा. ते ऐकून सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. बाई असती तर मला तिला शिव्या देता आल्या असत्या.

तिनं मागच्या खोलीत बसवलं, चहा मागवला. समोरासमोर दोघं एकदाच भेटलेत, आतिफच्या लग्नात. बाकी सगळं फोनवर, तेही गाण्यांपुरतं. याला ड्रोन मेटल म्हणतात, तिनं सांगितलं. मला लग्नात शूटिंगला उडवतात तेच ड्रोन माहीत. ती हसली नाही. म्हणाली, "तंबोरा कसा एकच सूर धरून ठेवतो? तसंच. फक्त इथं गिटार असते, तारा पार खाली उतरवलेल्या, आणि आवाज एवढा मोठा की कानाऐवजी छातीत ऐकू येतो. एक तार छेडतात आणि सोडून देतात. ती विरत जाते. आता काही येणार नाही असं वाटतं, तेव्हा दुसरी."

"आणि गातं कोण?"

"कुणी नाही. ताल पण नाही."

मी विचारलं, दिवसभर कंप्रेसरच्या आवाजात उभं राहणाऱ्या माणसाला सुटल्यावर पुन्हा आवाजच कशाला पाहिजे?

"तो आवाज काही विचारत नाही, वहिनी."

मग मी म्हटलं, माझ्याबद्दल काय बोलायचे? ती नको नको म्हणत होती. मी हट्टच धरला. तिनं ऑक्टोबरमधला एक मेसेज दाखवला. मला तो तिथंच पाठ झाला.

'बावन्न मिनिटांचं एक पाठवतोय. आज पहिल्यांदा वाटलं, अनिताला ऐकवावं. पण नको. ती हसेल, आणि मग हेही जाईल.'

परतीच्या गाडीत खिडकीची जागा मिळाली. केडगावच्या पुढं गुऱ्हाळांचा धूर रस्त्यावर उतरला होता. मी काय राक्षसीण आहे का? एक साधा विनोद. तो स्वतः हसायचा. नाही आवडलं तर सांगायचं होतं. तोंड होतं ना त्याला?

२३ जानेवारी

गाडी खाली पार्किंगमध्येच आहे. पोलिसांनी दिल्यापासून आत बसले नव्हते. पेन ड्राइव्ह तसाच लावलेला. दुपारी आत्या झोपल्यावर खाली गेले, काचा वर केल्या आणि चालू केलं.

आधी काहीच नाही. मग एक आवाज आला. आला असंही म्हणता येत नाही, तो आधीपासून होता आणि मी त्यात शिरले असं झालं. जाड, घाणेरडा, उसाची ट्रॉली चढाला अडकल्यावर ट्रॅक्टर करतो तसा. दाराच्या कप्प्यातलं नाणं थरथरायला लागलं. मी वाट बघत होते, आता सुरू होईल, आता सुरू होईल. चार मिनिटांनी कळलं की सुरू व्हायचं काही नाहीच, हेच ते आहे. डोकं उठलं. बंद केलं.

यासाठी त्यानं मला सोडून रोजचा एक तास बाहेर काढला.

२८ जानेवारी

अकरा मिनिटं.

३ फेब्रुवारी

रुबीला फोन केला. म्हटलं, मला नाही जमत. ती म्हणाली, तुम्ही पुढच्या सुराची वाट बघताय. वाट बघू नका. गणिताच्या बाईला असं सांगणं सोपं आहे. आयुष्यभर मी पुढची पायरी काय, एवढंच शिकवलं.

आज आवाज थोडा वाढवला आणि सीट मागं केली. पाठीच्या कण्यातून तो वर चढला. दात एकमेकांवर हलके वाजत होते. विसाव्या मिनिटाच्या आसपास एक गंमत झाली. तो एक सूर एक राहिला नाही. त्याच्या आत खूप बारीक, उंच, घंटेसारखं काहीतरी होतं. ते कुणी वाजवत नव्हतं, त्या जाड आवाजातूनच ते निघत होतं. मी मान वळवली तर गेलं. पुन्हा सरळ बसले तर पुन्हा होतं.

मग कुणीतरी काच वाजवली आणि मी किंचाळले. आत्या होत्या. एवढे जिने उतरून आल्या होत्या.

"कवाची हुडकतीया तुला. हितं काय करतीस?"

"काही नाही, गाडी बघत होते. बॅटरी उतरते."

"ते काय वाजतंय?"

"काही नाही."

१२ फेब्रुवारी

रोज दुपारी चाळीस मिनिटं. आवाज संपतो तेव्हा जी शांतता येते, तिला आकार असतो. घरातली शांतता तशी नाही. तिथं फ्रिज चालू असतो आणि आत्या उसासे टाकत असतात.

आज त्यात मला रडायला आलं. घरी येणाऱ्यांसमोर रडते तसं नाही. तोंड उघडं टाकून, शेंबूड येईपर्यंत. मला माझा आवाजच ऐकू येत नव्हता. त्या मोठ्या आवाजाखाली मी एवढीशी होते. बरं वाटलं आणि लगेच राग आला. विक्रमही इथं रडत होता का? कशासाठी? त्याला काय कमी केलं होतं मी? डबा, कपडे, आईला कासुर्डीला पाठवायची औषधं, सगळं वेळच्या वेळी. घरी आला की मुलं असायची हे खरं. पण तो कुणाला ओरडला नाही कधी. चहाचा कप घेऊन बाल्कनीत कपड्यांच्या दोरीखाली उभा राहायचा. बसायला खुर्ची देऊ का, असं मी विचारलंही होतं. एकदा तरी विचारलं होतं.

२२ फेब्रुवारी, शनिवार

आज गाडी बाहेर काढली. गाडी मला येते, पण तो असताना त्याला काळजी वाटायची म्हणून चालवत नव्हते. बरोबर सहाला बंधाऱ्यावर पोचले. बाभूळ ओळखू आली. खाली चाकांनी मातीत दोन खोल चाकोऱ्या पाडल्या आहेत, एकाच जागी. सहा वर्षांत पडल्यात त्या. माझी चाकं बरोबर त्यात बसली.

बावन्न मिनिटांचं ते लावलं. समोर नदीत पाणी कमी होतं, जलपर्णी, पलीकडे कुणीतरी म्हशी धूत होतं. पहिला सूर आला आणि सगळं तसंच राहिलं, फक्त जड झालं. पाणी जड, म्हशी जड, माझे हात जड. सूर्य खाली जाताना दिसतो हे मी इतकी वर्षं विसरले होते. सहा वाजता मी कायम भागाकार शिकवत होते.

शेवटी सूर तुटत नाही. पातळ होत जातो. तो कधी संपला आणि नदीचा आवाज कधी सुरू झाला, ते सांगता येईना.

शेतकरी भेटला. तोच तो, काच वाजवणारा. सोपानराव नाव. मोटार चालू करून माझ्याकडे आला, गाडी ओळखली त्यानं.

"ताई, साहेब रोज बसायचे हितं. कुनाला तरास न्हाई. मी जाताना हात करायचो, ते बी करायचे."

"कधी बोललात?"

"न्हाई. काय बोलायचं? बरं दिसायचे."

बरे दिसायचे. मला तो बरा कधी दिसला, ते आठवत बसले.

६ मार्च

आता रोज जाते. पावणेसहाला निघते. रुबीनं नवीन पाठवलं आहे. कुठल्याशा थंड देशातल्या दोन माणसांनी पडक्या तेलाच्या टाकीत बसून वाजवलेलं. भिंतींवर आपटून सूर परत येतो तेव्हा म्हातारा झालेला असतो. मी तिला तसं लिहून पाठवलं. ती म्हणाली, विक्रमदादाही असंच लिहायचे. एवढ्या एका वाक्यावर दोन दिवस काढले.

आत्या रोज विचारतात, कुठं चाललीस. मी सांगते, काम आहे. काय काम, ते त्या आता विचारत नाहीत.

१३ मार्च, होळी

यंदा सण नाही. आत्यांनी तरी दोन पोळ्या केल्या होत्या, पुरणाच्या. विक्रमला आवडायच्या म्हणून. संध्याकाळी मी किल्ली उचलली तर दारात आल्या.

"आज तरी नगं जाऊस. लवकर जेवू दोघी. एकलीला घर खायला उठतं गं."

"आत्या, दिवसभर मी तुमच्यासोबतच असते ना? माझं डोकं ताळ्यावर राहायला तेवढा एकच तास मिळतो मला."

त्या दारातून बाजूला झाल्या. परत आले तेव्हा पोळ्या झाकून ठेवलेल्या होत्या. त्या न जेवता झोपल्या होत्या. म्हाताऱ्या माणसांना राग लवकर येतो.

२० मार्च

आत्या म्हणाल्या, "मला कासुर्डीला सोड." मी कारण विचारलं. म्हणाल्या, हौसरावकडं पाव्हनं येणार हायत. मला ते खोटं वाटलं, पण मी आग्रह केला नाही. खरं सांगायचं तर हलकं वाटलं. इथं तरी स्वतःशी खोटं कशाला बोलू?

२३ मार्च, रविवार

आज सोडून आले. जे झालं ते तसंच लिहिते.

न्हावऱ्याच्या पुढं गेल्यावर आत्या म्हणाल्या, "लाव की ते."

"काय?"

"त्येचं. रोज ऐकतीस ते."

मी म्हटलं, आत्या, ते गाणं नाहीये, नुसता आवाज आहे, तुमचं डोकं दुखेल. त्यांनी मान हलवली, लावच म्हणून. मी बावन्न मिनिटांचं लावलं, आवाज बारीक ठेवला. त्यांनी बोटानं खूण केली, वाढव. मी वाढवलं. अजून, अजून.

मी त्यांच्याकडं चोरून बघत होते. पदर डोक्यावरून नीट घेतला आणि उजवा तळहात समोर डॅशबोर्डवर पालथा ठेवला. अंगात ताप आहे का बघावं तसा. भीमेचा पूल आला, गेला. उसाच्या रिकाम्या ट्रॉल्या समोरून आल्या. चौफुला गेला, यवत गेलं. हात तिथंच होता. बांगड्या नसल्यामुळं तो मनगटाशी फार बारीक दिसत होता.

कासुर्डीत दारासमोर गाडी थांबवली आणि मी बंद करायला हात पुढं केला.

"असू दे. सपलं न्हाई अजून. सपू दे."

आम्ही दोघी तशाच बसून राहिलो. दिरांचं घर समोर, ओसरीवरून जाऊबाई बघत होत्या, यांना झालंय काय म्हणून. आवाज पातळ होत गेला. शेवटच्या टोकाला काहीच नसताना आत्या अजून ऐकत होत्या. मग त्यांनी हात काढून घेतला.

"रोज जायचीस तू. मी खिडकीतनं गाडी जाताना बघायची. एक दिस म्हणाली न्हाईस, आत्या, चला."

मी म्हटलं, "मला वाटलं तुम्हाला आवडणार नाही."

"व्हय. त्यो बी तुझ्याबद्दल ह्येच म्हनायचा."

त्यांनी पिशवी घेतली, दार उघडायला त्यांना जमेना, ते मी आतून वाकून उघडलं. त्या उतरल्या आणि मागं न बघता ओसरी चढल्या.

म्हणजे त्यांनाही माहीत होतं. आतिफला, रुबीला, सोपानरावांना, त्याच्या आईला. सगळ्यांना.

येताना काही लावलं नाही. आत्यांचं वाक्य वर लिहून ठेवलं आहे, पण त्यावर आज मी काही लिहिणार नाही.

२४ मार्च, सोमवार

रुबीचे दोन फोन येऊन गेले. उचलले नाहीत.

पालकांच्या ग्रुपवर टाकलं आहे, उद्यापासून बॅच सुरू, चार ते साडेसात, परीक्षा तोंडावर आल्या आहेत. अर्ध्या तासात सत्तावीस जणांचं उत्तर आलं. दुपारभर घर आवरलं. आत्यांची गादी गुंडाळली, विक्रमचं कपाट भिंतीला सरकवलं. आतली खोली आता पूर्ण मोकळी आहे. तिथं आणखी दहा मुलं सहज बसतील.